गजकर्ण, चिखल्या, शिबं आणि दुकानातून आणलेलं मलम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये पाऊस लागला की हे प्रश्न सुरू होतात आणि गणपती उलटून गेले तरी थांबत नाहीत. पालघरपासून सावंतवाडीपर्यंत विचारणारे वेगळे, पण प्रश्न जवळपास तेच. उत्तरं क्रमवार वाचायलाच हवीत असं नाही. मात्र घरात आधीपासून एखादी ट्यूब चालू असेल, तर प्रश्न ४ आणि ५ आधी वाचा.

१. गजकर्ण, नायटा, शिबं, चिखल्या हे सगळं एकच का?

मूळ बुरशीच, पण जाती वेगळ्या. गजकर्ण आणि नायटा ही एकाच दुखण्याची दोन नावं. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. गोल चट्टा, कड उचललेली, लालसर आणि कोंडा सुटणारी, मधला भाग मात्र निवळत गेलेला. जांघ, कंबर, काख आणि नितंब या तिच्या आवडत्या जागा.

शिबं म्हणजे मान, पाठ, छातीवरचे फिकट किंवा तपकिरी ठिपके. ते मॅलासेझिया नावाच्या बुरशीमुळे येतात. ती बहुतेकांच्या अंगावर असतेच, घाम आणि तेलकटपणा वाढला की माजते. शिबं संसर्गाने पसरत नाहीत (प्रश्न १३).

चिखल्यांमध्ये बुरशी, जीवाणू आणि सतत भिजून पांढरी पडलेली कातडी असा तिहेरी मामला असतो (प्रश्न ११). स्तनांखाली किंवा पोटाच्या घडीत लालभडक, ओलसर चट्टा आणि त्याच्या भोवती बारीक पुळ्या दिसल्या, तर बहुधा ती कॅन्डिडा नावाची बुरशी. शुगर असलेल्यांना ती जास्त होते.

२. बुरशीच आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

शंभर टक्के ओळखता येत नाही, पण काय नाही ते बरंच कळतं. खाज रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढते, हाताच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुळ्या आहेत, घरातले तिघेचौघे खाजवतायत: ही खरूज. ती किड्यामुळे होते, बुरशीचं मलम तिला काही करत नाही.

जांघेतलं गजकर्ण सहसा मांडीवर पसरतं आणि पुरुषांत अंडकोशाची कातडी सोडून देतं. अंडकोशच लाल आणि सोललेला असेल, तर कॅन्डिडा किंवा इसब असण्याची शक्यता जास्त.

चट्ट्याला खाज मुळीच नाही, त्यावर सुई किंवा ऊन-गार नीट कळत नाही, तिथला घाम आणि केस कमी झालेत, असं असेल तर मलमात एक दिवसही घालवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा खरवडून पोटॅशिअम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी साधी आहे. मात्र मलम लावत असाल तर बुरशी बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून आधी ते सांगा.

३. मेडिकलमध्ये नेमकं काय मागायचं?

‘गजकर्णाची ट्यूब द्या’ एवढंच म्हणू नका, औषधाचं नाव सांगा. एकच औषध असलेलं साधं मलम हवं: क्लोट्रिमाझोल १ टक्का, मायकोनाझोल २ टक्के, केटोकोनाझोल २ टक्के किंवा ल्युलिकोनाझोल १ टक्का. पहिल्यांदा होत असेल आणि चट्टे थोडे असतील, तर क्लोट्रिमाझोल पुरतं. ते गजकर्णावर चालतं आणि कॅन्डिडावरही, म्हणजे ओळखण्यात चूक झाली तरी वाया जात नाही.

टर्बिनाफिन पूर्वी हुकमी होतं. आता आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे (हे नाव तिला २०२० साली मिळालं). तिच्या अनेक वाणांमध्ये एका जनुकातल्या बदलामुळे टर्बिनाफिन लागूच पडत नाही. म्हणून स्वतःच्या मनाने सुरुवात त्याने नको.

४. ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे हे कसं कळणार? अक्षरं तर मुंगीएवढी.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि मोठा करून कॉम्पोझिशनची ओळ वाचा. नाव ‘सोन’, ‘सॉल’ किंवा ‘लोन’ने संपत असेल तर स्टेरॉइड समजा: बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन. ‘झोल’ने संपणारी नावं बहुतेक बुरशीची. क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासॉल ऐकायला भावंडं वाटतात, घोळ इथेच होतो. इंग्रजी नावाच्या शेपटीत ‘झेड’ आहे की ‘एस’ ते बघा.

एक अपवाद: ऑर्निडाझोल. ‘झोल’ असूनही ते बुरशीचं औषध नाही. ते दिसलं की ट्यूबमध्ये तीन-चार औषधांची खिचडी आहे असं धरा आणि उरलेली नावं तपासा.

२०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. तरीही काउंटरवरून सहज पुढे सरकवली जाणारी ट्यूब आजही बहुतेक वेळा मिश्रणाचीच असते. ती परत करून साधं मलम मागायला लाजू नका.

५. पण त्याच ट्यूबने दोन दिवसांत खाज जाते. मग वाईट काय?

खाज आणि लाली ही बुरशीशी लढणाऱ्या तुमच्या शरीराची खूण. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. खाज जाते, चट्टा फिका पडतो, तुम्ही ट्यूब बाजूला ठेवता. बुरशीला मोकळं रान मिळतं आणि ती आठवड्याभरात दुप्पट जागेत उगवते. पुन्हा ट्यूब, पुन्हा दोन दिवस आराम.

असं काही महिने चाललं की चट्ट्याचं रूपच बदलतं. कड पुसट होते, वलयाच्या आत वलय येतं, डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. जांघेत आणि काखेत कातडी पातळ होऊन गरोदरपणातल्यासारखे ताणाचे पट्टे उमटतात. बुरशी पुढे बरी होते, पट्टे जन्मभर राहतात.

६. सहा महिने तीच ट्यूब लावतोय. आज बंद करू का?

बंद करायचीच आहे, पण एकटं नको. थांबवल्यावर पहिले काही दिवस खाज आणि लाली उसळतात. त्या भीतीने बहुतेक जण पुन्हा ट्यूबकडे वळतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि रिकामी ट्यूब सोबत न्या, नावापेक्षा ट्यूबच बोलकी असते. अंगाच्या मोठ्या भागावर लावत असाल आणि थकवा, चक्कर जाणवत असेल, तर तेही सांगा. लहान मुलाला किंवा चेहऱ्यावर लावत असाल तर याच आठवड्यात दाखवा.

७. मलम लावायची नेमकी पद्धत काय?

अंघोळीनंतर. अंग पुसल्यावर जांघेत आणि बेचक्यांत दोन-तीन मिनिटं पंख्याचं वारं लागू द्या. ओल्या कातडीवर लावलेलं मलम तिथली ओल कोंडून ठेवतं.

मोजायचं बोटाने. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक पट्टी काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला तो पुरतो. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटर, म्हणजे सुमारे एका बोटाच्या रुंदीची चांगली दिसणारी कातडीही माखा. बुरशी कडेवर आणि कडेच्या पुढे असते, मधे नव्हे. बाहेरून आत या, पांढरा थर राहू न देता जिरवा, आणि हात साबणाने धुवा.

आता हिशेब. दोन तळहातांएवढा चट्टा, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १ ग्रॅम. चार आठवड्यांना २८ ग्रॅम. पंधरा ग्रॅमच्या दोन ट्यूब लागणारच. महिनाभर एकच ट्यूब पुरली असेल, तर मलम कमी पडलं हे वेगळं सांगायला नको.

८. किती दिवस लावायचं?

चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे. एकूण बहुधा चार आठवडे, कधी सहा. क्लोट्रिमाझोल आणि मायकोनाझोल दिवसातून दोनदा, केटोकोनाझोल आणि ल्युलिकोनाझोल एकदा. ल्युलिकोनाझोलच्या कागदावर एक-दोन आठवडे लिहिलेले असतात, पण आपल्याकडच्या सध्याच्या बुरशीला ते बऱ्याचदा कमी पडतात.

‘गेलं’ म्हणजे काय? खाज नाही, कोंडा नाही, बोट फिरवलं तर कड लागत नाही. मागे उरलेला काळपट डाग हा नुसता रंग, तो काही महिन्यांत आपोआप जातो. त्याच्यावर मलम घासत बसू नका.

९. नेमाने लावलं तरी फरक नाही. चूक कुठे?

दोन आठवड्यांत अजिबात उतार नसेल तर हे तपासा. ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघालं का (प्रश्न ४)? फक्त चट्ट्याच्या मधोमध लावलं का (७)? कपडे दमट आहेत का (१०)? घरात दुसरं कोणी खाजवतंय का (१८)? मुळात दुखणंच दुसरं आहे का (२)? हे सगळं ठीक असेल, तर पोटातून गोळ्या लागतील. चट्टे तीन-चार जागी असतील, तरीही नुसत्या मलमाने भागत नाही.

शेजाऱ्याला लागू पडलेली इट्राकोनाझोलची कॅप्सूल मात्र मागून घेऊ नका. हृदय कमकुवत असलेल्यांना ती घातक ठरू शकते, यकृतावर ताण येतो आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं अजिबात जमत नाही.

१०. पावसात कपडे वाळतच नाहीत. करायचं काय?

खरं तर कोकणातला अर्धा उपचार हाच. पडवीत तीन दिवस लटकलेली, हाताला गार लागणारी चड्डी म्हणजे ओलीच.

आतले कपडे आणि टॉवेल शक्यतो उकळत्याच्या जवळपास गरम पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा. वाळवताना चुलीच्या वरची दोरी चालेल, धुराचा वास आला तरी हरकत नाही. मग कपडा उलटा करून इस्त्री करा आणि शिवणी, इलॅस्टिक, नेफा यांवर ती थोडी थांबवा. ओल तिथेच दडते. जीन्स आणि लेगिंग्ज ऑक्टोबरपर्यंत कपाटात राहू देत, सैल सुती कपडे बरे.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक करगोटा: कमरेचा काळा दोरा वर्षभर भिजत-सुकत असतो आणि चट्टा नेमका त्याच्याच रेषेत येतो. उपचार चालू असेपर्यंत काढून ठेवा. श्रद्धेचा असेल तर बरं झाल्यावर नवा बांधा, जुना नको. दुसरी परकराची नाडी: घट्ट, घामाने ओली आणि परकरासोबत क्वचितच उकळली जाणारी. नाडी बदला आणि गाठ रोज थोडी सरकवून बांधा.

११. लावणीला दिवसभर चिखलात उभं राहावं लागतं. चिखल्यांवर मलम टिकणार कसं?

शेतात जाताना लावलेलं टिकत नाहीच. औषध रात्री, आडोसा सकाळी, अशी वाटणी करा.

संध्याकाळी पाय साबणाने धुवा, जुन्या सुती कपड्याची पट्टी एकेका बेचक्यातून ओढून कोरडं करा. पांढरी पडलेली कातडी सोलू नका. बेचकी पाझरत असेल, तर पोटॅशिअम परमँगनेटच्या पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवा. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चार लिटर पाण्याला. खडे असतील तर एक-दोनच, पूर्ण विरघळवून. पाणी फिकट गुलाबी हवं, जांभळं झालं तर कातडी भाजते. नखं तपकिरी होतात, ती धुऊन निघत नाहीत, वाढीबरोबर जातात. हे औषध मुलांच्या हाती लागू देऊ नका. पाय कोरडे झाले की क्लोट्रिमाझोल अगदी पातळ चोळा आणि रात्रभर पाय उघडे ठेवा. दोन बोटांत कापसाचा छोटा बोळा ठेवला तर बेचकं मोकळं राहतं.

सकाळी शेतात उतरण्याआधी कोरड्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली भरा. ती औषध नाही, पाणी अडवते इतकंच. गमबूट घालत असाल तर आतून कोरडे आहेत ना ते बघा. आत पाणी शिरलेला बूट चिखलापेक्षा वाईट.

आणि हे महत्त्वाचं: उघड्या चिखल्यांमधून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत कळा किंवा डोळ्यांत लाली दिसली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पाय सुजून लाल आणि गरम झाला, तरीही तेच. हत्तीपाय असलेल्यांनी तर साधी चीरही अंगावर काढू नये.

१२. टाकळ्याचा पाला, मेंदी, मुठेल (कोकमाचं तेल), काजूचं तेल यातलं काय चालतं?

टाकळा जुना उपाय आहे आणि त्यात बुरशीला थोडा आळा घालणारी द्रव्यं आहेतही. पण पाल्यात ती किती हे पाल्यागणिक बदलतं. शिवाय तो लिंबाच्या रसात वाटून लावतात आणि ती जागा उन्हात आली की काळे चट्टे उठतात. टाकळ्याची भाजी करा, ती उत्तम होते.

ताज्या मेंदीच्या पाल्याचा लेप बेचकी कोरडी करतो, त्याला आमची हरकत नाही. बाजारातल्या काळ्या मेंदीचा कोन मात्र नको. मुठेल टाचांच्या भेगांना फार चांगलं, पण ओल्या बेचक्यात किंवा जांघेत ते ओल कोंडतं.

काजूच्या टरफलाचं तेल आणि बिब्बा कधीही नको. दोन्ही एकाच कुळातले, दोन्ही अंगावर उठतात. गजकर्णाच्या जागी फोड आणि जखम घेऊन येणारे दर मोसमात भेटतात.

१३. शिबं दर वर्षी परत येतात. मलमाने जाणार नाहीत का?

पाठभर मलम किती लावणार? शाम्पू सोपा. केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू ओल्या अंगावर मानेपासून कमरेपर्यंत फेसवा, पाच मिनिटं थांबा, धुवा. रोज एकदा, पाच दिवस. नखाने खरवडल्यावर कोंडा सुटेनासा झाला की बुरशी गेली. पांढरे डाग भरायला मात्र दोन-तीन महिने लागतात आणि लोक त्यालाच ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणतात. दर वर्षी येत असतील, तर उकाडा वाढला की महिन्यातून एकदा तोच शाम्पू वापरा.

१४. मुलाच्या डोक्यात चट्टा आहे, केस गेलेत. आणि वडिलांच्या पायाचं नख जाड, पिवळं झालंय.

दोन्हीकडे मलम निरुपयोगी. बुरशी केसाच्या मुळात आणि नखाच्या खाली असते, मलम तिथे पोचत नाही. गोळ्या लागतात, पायाच्या नखाला तर सहसा बारा आठवडे. मुलाला उशीर करू नका, तिथे कायमचं टक्कल राहू शकतं.

१५. गरोदर आहे. काही लावलं तर चालेल का?

अंगावर लावायला क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल चालतं, जिथे नाव घातलंय त्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. बुरशीच्या गोळ्या मनाने अजिबात नाहीत. अंगावर पाजत असाल तर स्तनावर लावलेलं मलम दूध देण्याआधी पुसून काढा.

१६. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मलमाने काय होणार?

ती गोळी वॉरफरिन असेल तर मायकोनाझोल टाळा. त्याचं तोंडात लावायचं जेल तर नक्कीच. दोन्ही एकत्र आली की रक्तस्राव होऊ शकतो. क्लोट्रिमाझोल घ्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

१७. समुद्रात डुंबल्याने गजकर्ण जातं म्हणतात.

जात नाही. मीठ चिरांना झोंबतं आणि ओल्या कपड्यांत घरी येईपर्यंत बुरशीचंच फावतं. होड्यांवर काम करणाऱ्यांना एक सुचवणं: १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ उपचार पूर्ण करायला साधा. पाय गमबुटाबाहेर असतात, आणि सलग सहा आठवडे एरवी मिळत नाहीत.

१८. गणपतीला वीस माणसं एका घरात झोपतात. सगळ्यांना लागेल का?

शेजारी बसून, एका पंगतीत जेवून लागत नाही. टॉवेल, चादर, अंथरूण, एकमेकांचे कपडे यांतून लागतं. ज्याला आहे त्याचा टॉवेल आणि पांघरूण वेगळं ठेवा, बास. पण घरात दोघांना असेल तर दोघांचे उपचार एकाच दिवशी सुरू करा. नाहीतर याचं बरं होतं तोवर त्याच्याकडून परत येतं. नवरा-बायकोच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त घडतं, आणि सगळ्यात कमी बोललं जातं.

मांजराच्या कानामागे किंवा वासराच्या तोंडाभोवती केस गेलेले गोल चट्टे दिसले तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. तिथूनही येतं, आणि मुलांना आधी येतं.

१९. उरलेली ट्यूब पुढच्या पावसाळ्यात चालेल का?

तारीख संपली नसेल, टोपण घट्ट असेल आणि मलमाचं पाणी सुटलेलं नसेल तर चालेल. गाडीच्या डिकीत किंवा चुलीजवळच्या फडताळात तापलेली ट्यूब टाका. ठेवताना खोका फेकू नका, औषधाची नावं त्यावरच जरा मोठी छापलेली असतात.